वाटाड्या यंत्राची निवड

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, कीं पालकमंडळींचा एक प्रश्न दरवर्षीं माझ्यापुढें येतो. "सर, आपण भूगोल शिकवितां. आम्हांस जी. पी. एस. घ्यावयाचा आहे, कोणता घ्यावा?" कोणास नव्या मोटारींत पडदा बसवावयाचा असतो, कोणाच्या मुलास जंगलभ्रमणाचा नाद लागलेला असतो, तर कोणा मातोश्रींस आपली कन्या शिकवणीहून निघून कोठवर आली हें घरबसल्या पाहावयाचें असतें. प्रश्न एक दिसतो, पण गरजा तीन आहेत. आणि तिन्हींस एकच उत्तर देणारा मनुष्य बहुधा दुकानदार असतो. मी दुकानदार नसल्यामुळें मला उत्तर देण्यास थोडी अधिक जागा लागते. ती या अंकांत मिळाली आहे, तिचा उपयोग करून माझें मत सांगतों.

तें मत थोडक्यांत असें आहे. किंमत पाहून यंत्र निवडूं नये. आपली वाट पाहून निवडावें. आणि ज्यास अद्याप वाट शिकावयाची आहे, त्याच्या हातीं वाट शिकण्याची गरजच नाहींशी करणारें यंत्र प्रथम देऊं नये.

आपल्या नागपूर शहराचा या विषयाशीं जुना संबंध आहे. सिताबर्डीजवळ शून्य मैलाचा स्तंभ आणि ते चार घोडे आपण सर्वांनीं पाहिले आहेत. तेथील दगडावर निरनिराळ्या गांवांचीं अंतरें मैलांत कोरलेलीं आहेत. जबलपूर १७० मैल, शिवनी ७९ मैल. शेजारींच १९०७ सालची, समुद्रसपाटीपासूनची उंची दर्शविणारी मोजणीखात्याची खूण आहे. ज्या महान त्रिकोणमितीय मोजणीशीं या खुणेचें नातें आहे, ती १८०२ सालीं मद्रासेजवळ विल्यम लॅम्बटन यांनीं सुरू केली. सुमारें अर्धा टन वजनाचें कोनमापक यंत्र डोंगरांवर व देवळांच्या शिखरांवर चढवून ते वीस वर्षें उत्तरेकडे सरकत राहिले. नागपुरास येण्यासाठीं निघाले असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें त्यांचा अंत झाला. त्यांची समाधि तेथेंच आहे. एका ठिकाणाचें नक्की स्थान ठरविण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांचें काम आतां खिशांतील फोन कांहीं सेकंदांत करतो. ही सोय लहान नव्हे. म्हणूनच तिची निवड विचारपूर्वक झाली पाहिजे.

यंत्र काय करतें हें समजल्याशिवाय त्याची परीक्षा करतां येत नाहीं. जी. पी. एस. ही अमेरिकेच्या सरकारनें उभारलेली उपग्रहमालिका होय. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं आकाशांत गेला आणि १९९५ सालीं ती पूर्णपणें कार्यक्षम झाली. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह सतत एवढेंच सांगत असतात, कीं 'मी अमुक ठिकाणीं आहें, आणि माझ्या घड्याळांत आतां इतके वाजले आहेत.' आपल्या हातांतील यंत्र हा संदेश ऐकतें, तो पोंचण्यास किती वेळ लागला हें काढतें, आणि त्यावरून त्या उपग्रहाचें अंतर ठरवितें. अशीं चार अंतरें मिळालीं, म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची आणि खरी वेळ हीं चारहि कळतात. हा संदेश प्रकाशाच्या वेगानें येतो व सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांत ३०० मीटर अंतर तोडतो. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळें ठेवावीं लागतात. प्रारंभीं सामान्य जनांस मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवून दिला जात असे. मे २००० मध्यें अमेरिकेनें ती पद्धत बंद केली. आज उघड्या आकाशाखालीं साधा फोनहि सुमारें ५ मीटरांच्या आंत आपली जागा सांगूं शकतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली अशी, कीं जागा कळण्यासाठीं इंटरनेट लागत नाहीं. यंत्र केवळ ऐकतें, कोणास कांहीं विचारीत नाहीं. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. उपग्रह फक्त जागा सांगतो, रस्ता सांगत नाहीं. रस्ता सांगतो तो नकाशा, आणि नकाशा माणसांनीं केलेला असतो. उपग्रह चुकत नाहीं म्हणून यंत्र चुकत नाहीं, असें जो म्हणतो तो नकाशाची चूक उपग्रहाच्या पदराखालीं झांकीत असतो.

ही चूक किती महाग पडते, याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. जानेवारी २०२१ मध्यें पुण्याहून कळसूबाईकडे निघालेले तिघे जण रात्रीच्या वेळीं नकाशाच्या सांगण्यावरून अकोले तालुक्यांत कोतूळजवळच्या एका पुलावर गेले. पूल नकाशावर होता. जमिनीवरहि होता, परंतु धरणाच्या पाण्याखालीं होता. दोघे पोहून वांचले, एकाचा अंत झाला. पुढें नोव्हेंबर २०२४ मध्यें उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ पुरानें तुटलेल्या पुलावरून मोटार खालीं कोसळून तिघे जण दगावले. तेहि नकाशाच्याच विश्वासावर चालले होते. या मृतांस दोष देण्यासाठीं हें सांगत नाहीं. अंधारांत, परक्या मुलुखांत, आत्मविश्वासानें बोलणाऱ्या आवाजावर कोणीहि विसंबेल. म्हणून यंत्र घेतांना त्याच्या अंगीं कोणते गुण असावे, आणि तें कोठें कमी पडेल, हें आधींच जाणून घ्यावें.

खरेदीस निघण्यापूर्वीं पालकांनीं स्वतःस पांच प्रश्न विचारावे, असें मी सुचवितों.

पहिला प्रश्न: माझ्या वाटेवर फोनचें जाळें आहे काय? ज्यांचें बहुतेक जाणें-येणें धरमपेठ, महाल, इतवारी, सदर, कामठी एवढ्यांतच होतें, त्यांनीं निराळें यंत्र घेऊंच नये. जवळ असलेला फोन पुरेसा आहे. वांचलेले पैसे मुलाच्या सायकलीस लावावे. बाहेरगांवीं जावयाचें असल्यास त्या भागाचा नकाशा घरींच फोनमध्यें उतरवून ठेवावा, म्हणजे जाळें तुटलें तरी नकाशा तुटत नाहीं. एवढी साधी गोष्ट न केल्यामुळें कित्येकांस फोन निरुपयोगी वाटतो व ते दुकान गांठतात. परंतु ज्यांस पेंच, मेळघाट अशा जंगलांच्या बाजूनें वारंवार पायीं हिंडावयाचें आहे, त्यांच्यासाठीं हातांत धरण्याचें स्वतंत्र यंत्र खरोखर उपयोगाचें असतें. त्यांत असे प्रकार मिळतात, कीं ज्यांतील सेल संपले तर खिशांतील दुसरे घालतां येतात, जे पावसांत भिजले तरी चालतात, आणि ज्यांना पडद्याऐवजीं बटणें असतात. घामेजल्या किंवा ओल्या बोटांस बटणाची किंमत लगेच कळते.

दुसरा प्रश्न: यांतील नकाशा किती जुना आहे, आणि तो ताजा कोण करणार? मोटारींत बसविण्याच्या यंत्रांत ही खोड विशेष असते. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग पुरा झाला. ज्या यंत्रांतील नकाशा त्यापूर्वींचा आहे, त्याच्या लेखीं तेथें अजून शेतेंच आहेत. म्हणून विक्रेत्यास रोखठोक विचारावें: नकाशा कोणत्या वर्षाचा? नवा फुकट मिळेल कीं पैसे पडतील? किती वर्षें मिळेल? परदेशस्थ नातेवाइकांनीं प्रेमानें आणून दिलेल्या यंत्रांत हिंदुस्थानचा नकाशाच नसतो, हाहि अनुभव पुष्कळांस आहे. या तीन प्रश्नांचीं उत्तरें जो देऊं शकत नाहीं, त्याच्या दुकानांतून नमस्कार करून बाहेर पडावें.

तिसरा प्रश्न: माझ्या वाटेवर आकाश उघडें आहे काय? उपग्रहाचा संदेश अत्यंत क्षीण असतो. तो डोंगरांतून येत नाहीं, व उंच इमारतींवर आपटून वांकडातिकडा येतो. समृद्धि महामार्गावर इगतपुरीजवळ सुमारें ८ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. त्यांत शिरल्यावर यंत्र केवळ अंदाज करीत असतें. इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आपल्या वर्धा मार्गावर खालीं रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहूनहि वर मेट्रो अशी तिमजली रचना आहे. आपण पुलावर आहोंत कीं पुलाखालीं, याविषयीं यंत्र पुष्कळदां गोंधळतें व नको तेथें वळण्यास सांगतें. यावर पूर्ण उपाय नाहीं; परंतु एकाहून अधिक मालिकांचे उपग्रह ऐकणारें यंत्र घेतल्यास गोंधळ कमी होतो. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि आपली नाविक अशा मालिका आहेत. नाविकचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्यें व सातवा एप्रिल २०१६ मध्यें सोडण्यांत आला. पुढें कांहीं उपग्रहांतील अणुघड्याळें बिघडलीं, म्हणून मे २०२३ मध्यें स्वदेशी अणुघड्याळ असलेला नवा उपग्रह पाठवावा लागला. नाविक आपली आहे याचा अभिमान अवश्य धरावा. परंतु खरेदी करतांना तिच्यासह इतरहि मालिका ऐकणारें यंत्रच मागावें.

चौथा प्रश्न: नागपूरचा उन्हाळा यास सोसेल काय? आपल्या येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि बंद मोटारीच्या कांचेमागील उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. कित्येक फोनांच्या माहितीपत्रकांत ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत वापरावा असें छापलेलें असतें. उन्हांत कांचेला चिकटविलेला फोन ऐन वळणावर काळा पडला, तर त्याचा दोष त्याचा नव्हे, आपला आहे. ज्यांना दिवसभर गाडी चालवून पोट भरावयाचें आहे, त्यांनीं उष्णता सोसणारें, मोटारीच्या विजेवर चालणारें यंत्र घेणें रास्त आहे. इतरांनीं फोन वाऱ्याच्या झोतापुढें बसवावा, व गाडी उभी करतांना बरोबर न्यावा.

पांचवा प्रश्न: हें यंत्र कायद्यांत बसतें काय? ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनीं वाहन चालवितांना फोनचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठीं, आणि तोहि लक्ष विचलित होणार नाहीं अशा रीतीनें करण्यास मुभा दिली आहे. म्हणून मार्ग घरींच ठरवावा. चालत्या गाडींत बोट चालवूं नये. आणखी एक धोका फारच थोड्यांस ठाऊक असतो. परदेशांत गिर्यारोहकांसाठीं अशीं यंत्रें मिळतात, कीं जीं उपग्रहामार्फत निरोपहि पाठवितात. अशीं यंत्रें आपल्या देशांत परवान्यावांचून बाळगतां येत नाहींत. २०२४ सालीं गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूस याच कारणासाठीं अडविण्यांत आलें. मामांनीं किंवा काकांनीं परदेशांतून भेट आणण्याचें कबूल केलें असेल, तर त्यांस ही गोष्ट आधींच कळवावी.

आतां त्या मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळतों. मुलाच्या मनगटावर बांधण्याचें, त्याची जागा पालकांस कळविणारें घड्याळ घ्यावें काय? त्यांची काळजी खरी आहे. तिची थट्टा करणें मला शोभणार नाहीं. शहर वाढलें आहे, वाहनें वाढलीं आहेत, आणि दोघांनाहि कामावर जावें लागतें अशा घरांत मूल पोंचल्याची खबर मिळणें हा मोठाच दिलासा आहे. अगदीं लहान मूल, बोलण्याची अडचण असलेलें मूल, किंवा विस्मृतीनें घर विसरणारे आजोबा यांच्यासाठीं असें यंत्र मी अवश्य घ्या म्हणेन. मात्र घेतांना हें समजून घ्यावें, कीं उपग्रह मुलाची खबर आपणांस आणून देत नाहीं. घड्याळ आपली जागा ऐकतें व ती सिमकार्डाच्या द्वारें कंपनीच्या संगणकाकडे धाडतें. तेथून ती आपणांकडे येते. म्हणजे दरमहा खर्च आहे, जाळें नाहीं तेथें खबर नाहीं, आणि आपलें मूल रोज किती वाजतां कोठें असतें हें आपणांखेरीज आणखी कोणास तरी ठाऊक होतें. २०२३ सालीं संसदेनें केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांत १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची पडताळलेली संमति लागते असें म्हटलें आहे. ती संमति देण्यापूर्वीं माहिती कोठें राहते व ती पुसतां येते काय, हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे, तो बजावावा.

परंतु आठवीं-नववींतील धडधाकट मुलांच्या बाबतींत माझें मत निराळें आहे. मागें एकदां वर्गांत मीं मुलांस घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा स्मरणानें काढावयास सांगितला. जीं मुलें पायीं किंवा सायकलीनें येत, त्यांच्या नकाशांत चिंचेचें झाड होतें, किराणा दुकान होतें, पाणी सांचण्याची जागा होती, अंगावर येणारा कुत्राहि होता. जीं मुलें गाडींत बसून पडद्याकडे पाहात येत, त्यांच्या नकाशांत एका टोंकास घर, दुसऱ्या टोंकास शाळा आणि मध्यें एक सरळ रेघ होती. हुशारी दोघांतहि सारखीच होती. फरक होता तो डोळ्यांच्या संवयीचा. लंडनच्या टॅक्सीचालकांस परवान्यासाठीं शहरांतील सुमारें २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूंतील स्थळस्मृतीशीं संबंध असलेल्या भागाचा मागील अंश इतरांपेक्षां मोठा आढळला, असें तेथील शास्त्रज्ञांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलें. वाट लक्षांत ठेवणें ही अशी शक्ति आहे, कीं जी वापरल्यानें वाढते.

कोणी म्हणेल, पाढे पाठ करण्याचे दिवस गेले, तसे वाटा पाठ करण्याचेहि गेले. हा आक्षेप मला मान्य नाहीं. गणकयंत्रानें चुकीचें उत्तर दिल्यास पाढे येणाऱ्यास तें खटकतें. न येणारा तें उतरवून घेतो. वाटेचेंहि तसेंच आहे. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत मी कुटुंबासह उमरेडच्या बाजूस एका आप्ताकडे निघालों होतों. फोननें आम्हांस जवळचा म्हणून एका कच्च्या रस्त्यावर घातलें. वाटेंत गुरें राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनीं हात दाखवून गाडी थांबविली आणि म्हणाले, "हा रस्ता पुढं कालव्यापाशी सरते जी. पावसाळ्यात इकडून कोणी जात नाई." मी थांबलों तो त्यांच्या सांगण्यामुळें खरा, परंतु मऊ जमीन आणि चाकोऱ्यांवर उगवलेलें गवत पाहून माझ्याहि मनांत शंका आलीच होती. मागें बसलेल्या माझ्या मुलाच्या मनांत ती आली नव्हती, तो म्हणाला, "पण बाबा, फोन तर सरळच दाखवतो आहे." त्या एका वाक्यानें मला हा लेख लिहावयास लावलें.

उत्तम वाटाड्या कसा असावा, याचा आदर्श आपल्या जिल्ह्यांतच आहे. कालिदासाच्या मेघदूतांतील रामगिरि म्हणजे आपलें रामटेक, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. तेथून यक्ष मेघास अलकेची वाट सांगतो. कोठें विसावा घ्यावा, कोठें नदीचें पाणी प्यावें, काय पाहावें हें सर्व तो सांगतो. उज्जयिनी पाहण्यासाठीं वांकडी वाट करण्यासहि सांगतो. मेघास तो केवळ पोंचवीत नाहीं, त्यास वाट दाखवितो. आपलें यंत्र सर्वांत लवकरची वाट सांगेल. पाहण्याजोगी, सुरक्षित किंवा ओळखीची वाट कोणती, हें ठरविण्याचें काम अद्याप माणसाचेंच आहे.

म्हणून पालकहो, यंत्र अवश्य घ्या; पण क्रम सोडूं नका. आधीं मुलाबरोबर ती वाट चाला. मग त्याला ती कागदावर काढूं द्या. मग छापील नकाशांत शोधूं द्या. यंत्र शेवटीं द्या, आणि देतांना सांगा, कीं हें तुझें सोबती आहे, धनी नव्हे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या हातीं फोन आलाच असेल, तर त्याची एकदां परीक्षा घ्या. एखाद्या रविवारीं सकाळीं वडील माणसांसह शून्य मैलाच्या स्तंभापाशीं जा. तेथें फोन सुमारें २१ अंश ९ मिनिटें उत्तर आणि ७९ अंश ५ मिनिटें पूर्व असें दाखवितो कीं नाहीं तें पाहा. दाखविल्यास यंत्र खरें आहे असें समजा, आणि तें खिशांत ठेवून द्या. मग सर्वांच्या पुढें चालून त्यांस घरीं घेऊन या. घर सांपडलें, म्हणजे तुम्हांस कोणतें यंत्र घ्यावयाचें हें निवडण्याचा अधिकार आला असें मी म्हणेन.